लाईट गेली तेव्हाचा शक्तिमान

दूरदर्शनवरचा जुना सुपरहिरो शक्तिमान परत येणार ही बातमी दर दोन-तीन वर्षांनी येतेच, आणि आली की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथं एरवी वाढदिवसाचे केक, सोयाबीनचा भाव आणि कुणाच्या तरी चुलत्याच्या दहाव्याचा निरोप एवढंच असतं, तिथं चाळिशीच्या तोंडावर आलेली, केस गेलेली, शुगर निघालेली माणसं एकदम भांडायला उठतात. २०२२ च्या फेब्रुवारीत सोनी पिक्चर्सनी पिक्चरची घोषणा केली तेव्हा भांडण होतं हिरो कोण घ्यायचा याच्यावर. नोव्हेंबर २०२४ मध्ये मूळ शक्तिमान झालेले मुकेश खन्ना स्वतःच तो ड्रेस घालून कॅमेऱ्यासमोर आले तेव्हा भांडण होतं की साठी उलटल्यावर कशाला आता. दोन्ही वेळेला मी एक अंगठा टाकला आणि गप्प बसलो. मला बोलायचं होतं, पण ते ग्रुपवर टाईप करण्याएवढं छोटं नव्हतं, आणि तिथं कुणी चार ओळींच्या वर वाचत नाही.

तर इथं सांगतो.

आमचं गाव परळी तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर. कुठल्याही माळवदावर चढलं की लांबवर थर्मलच्या चिमण्या दिसायच्या. परळीचं औष्णिक वीज केंद्र १९७१ पासूनचं, पण त्याला तसं कुणी म्हणत नाही, थर्मल म्हणतात. म्हणजे कुठल्या कुठल्या शहरांना जाणारी वीज आमच्या डोळ्यासमोर तयार व्हायची आणि आमच्या घरात लाईट नसायची. त्याच्यावर गावात कुणी फार चिडायचं पण नाही, तो एक कायमचा विनोद होता, लग्नात पाहुण्यांना सांगायचा. भारनियमन हा शब्द आम्हाला बेरीज-वजाबाकीच्या आधी येत होता.

टीव्ही आमच्या गल्लीत एकच, शेजारच्या तात्यांच्या घरी. ब्लॅक अँड व्हाईट पोर्टेबल, लाल प्लास्टिकची बॉडी, वरती एक हँडल. अँटिनाचं तोंड अंबाजोगाईच्या टॉवरकडं. माळवदावर एकजण उभा राहून दांडा फिरवणार आणि खालून दहाजण ओरडणार हे सगळ्यांनीच आपापल्या परीनं लिहून झालंय, त्यामुळं ते सोडतो. ज्यांच्याकडं ट्रॅक्टर होतं त्यांच्याकडं एक सोय होती, ती मात्र सांगतो. हे छोटे टीव्ही बारा व्होल्टवर पण चालायचे. लाईट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची, दोन चिमटे लावायचे, की चित्र हजर. तात्यांकडं ट्रॅक्टर होतं. पण बॅटरी कशासाठी काढायची हे तात्या ठरवायचे. मॅच असली तर काढायचे, देवाधर्माचं काही असलं तर काढायचे. शक्तिमानसाठी एकदा पण नाही. 'त्या गिरक्या घेणाऱ्यापायी माझी बॅटरी उतरवू का?' असं म्हणायचे आणि पोरांना घरी पिटाळायचे.

शक्तिमान सुरू झालं १३ सप्टेंबर १९९७ ला. पहिल्यांदा शनिवारी लागायचं, आणि शनिवारी आमची सकाळची शाळा. शाळा सुटायची वेळ आणि शक्तिमानची वेळ अशी काही खेटून होती की शेवटच्या तासाला वर्गात कुणाचंच लक्ष नसायचं, अर्ध्यांनी दप्तर आधीच पाठीला लावलेलं, आणि घंटा झाली की अख्खी तिसरी-चौथी गल्लीतनं पळत सुटायची. नंतर ते रविवारी दुपारी गेलं तेव्हा पळायचं वाचलं, पण लाईटचं काय? लाईटला वार कळत नाही. टायटलचं गाणं वाजलं, गंगाधरनं, म्हणजे वेश बदललेल्या शक्तिमाननं, चष्मा नीट केला, रिपोर्टर गीता विश्वास काहीतरी बोलली, मग खलनायक किलविशच्या गुहेतला अंधार, आणि त्याच्यानंतर खरोखरचा अंधार. टीव्हीच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहायचा, तो बारीक होत होत जायचा. काचेवर हात ठेवला की केस उभे राहायचे. पोरं अजून पाच-दहा मिनिटं तशीच बसायची, येईल म्हणून. तात्यांची बायको म्हणायची, 'उठा रे लेकराहो, काय बघायलाव त्या डब्यात?'

त्यातून हिंदी. आता हसू येतं, पण आम्हाला हिंदी खरंच अर्धंमुर्धं कळायचं. जुन्या हैदराबाद संस्थानातला मुलूख, आजोबांच्या पिढीला उर्दूसुद्धा यायची, तात्या स्वतः जमिनीच्या कागदातले दस्त-बिस्त सगळे शब्द बरोबर बोलायचे, पण पोरांपर्यंत ते काही पोहोचलं नव्हतं. आम्हाला हिंदी टीव्हीनंच शिकवली, आणि टीव्ही निम्म्या वेळेला बंद.

म्हणजे मी शक्तिमान बघितलं असं जे मी सगळीकडं सांगत फिरतो, त्याचा हिशोब लावला तर निम्मं बघितलंच नाही, आणि जे बघितलं त्यातलं निम्मं कळलं नाही. मग हे सगळं डोक्यात आलं कुठून, सविस्तर, एपिसोडवार?

ते आलं किराणा दुकानदाराच्या पोराकडून.

हा आमच्या वर्गातला. त्याचा मामा थर्मलमध्ये नोकरीला, राहायला थर्मलच्या कॉलनीत. कॉलनीत लाईट जात नाही अशी आमच्याकडं पक्की समजूत होती. तिथं म्हणे रात्री रस्त्यावर पण दिवे. दुकानाचा माल आणायला त्याचे वडील परळीला गेले की हा मागं बसून जायचा आणि मामाकडं उतरायचा. रंगीत टीव्ही, पूर्ण एपिसोड, वर पार्ले-जी. दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत लिंबाच्या पारावर हा बसायचा आणि आम्ही खाली. पुढं काय झालं ते सांगायच्या आधी तो आमच्याकडून काही ना काही घ्यायचा, बोरं, चिंचेचा गोळा, एकदा माझी नवी पेन्सिल. आणि मग सांगायचा.

काय सांगायचा! आम्ही जिथं सोडलं तिथून बरोबर उचलायचा. किलविशनं अंधार सोडला, तो अंधार आला वैजनाथाच्या देवळापर्यंत आणि तिथं थबकला, कारण ज्योतिर्लिंग आहे. शक्तिमान थर्मलच्या सगळ्यात उंच चिमणीवर येऊन बसला, धुराची दोरी वळली आणि किलविशच्या एका माणसाला बांधला. एकदा तर किलविशनं नागापूरचं वाण धरण पिऊन टाकलं. अख्खं. गाळासकट. परळीला नळ बंद, लोक घागरी घेऊन उभे, मग शक्तिमान धरणाच्या मधोमध उभा राहून असा फिरला, असा फिरला, की जमिनीतलं पाणी वर आलं. हे सांगताना तो पारावर उभा राहून फिरायचा आणि चक्कर येऊन पडायचा. तेव्हा आम्हाला वाटायचं, बरोबरच आहे, धरण भरायचं म्हणजे चक्कर येणारच.

आम्ही विश्वास ठेवला का? मला वाटतं, विश्वास हा प्रश्नच तेव्हा नव्हता. मधल्या सुट्टीत आमच्याकडं दुसरं काय होतं.

२०२० चं लॉकडाऊन लागलं तेव्हा मी पुण्याहून कसाबसा गावाकडं आलो होतो. दूरदर्शननं जुन्या मालिकांचं कपाट उघडलं. २८ मार्चपासून रामायण, सकाळी नऊ आणि रात्री नऊ, त्याच दिवसापासून महाभारत, मग ब्योमकेश बक्षी, सर्कस, आणि एप्रिलपासून दुपारी शक्तिमान. नंतर डीडी रेट्रो नावाचं अख्खं चॅनेलच काढलं. माझा भाचा तेव्हा आठ वर्षांचा, ताई आणि तो इथंच अडकलेले. मी त्याला म्हणालो, चल, आता तुला खरा सुपरहिरो दाखवतो. भिंतीवर बत्तीस इंची टीव्ही, इन्व्हर्टर, डिश, काही म्हणजे काही कमी नाही. बाहेर ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. शक्तिमान लागलं आणि पहिल्यांदाच कुणीही मधे आलं नाही.

आणि राव, काय कंटाळवाणं निघालं ते!

नुसतं जुनं दिसतं, ग्राफिक बाळबोध आहे, एवढंच असतं तर चाललं असतं, ते मला माहीत होतंच. मला धक्का बसला तो लाईट गेल्यानंतरच्या भागाचा. जो भाग लहानपणी बघायला मिळाला नाही म्हणून मी तात्यांच्या ओसरीवर अक्षरशः रडलोय, त्या भागात काय होतं? 'आज की आवाज़' या पेपरच्या ऑफिसात गंगाधरचं पडणं-झडणं, संपादकाचं ओरडणं, गाण्याचा तुकडा, मग परत तोच शॉट ज्यात किलविश हात पसरतो, मग प्रवचन. मारामारी दोन मिनिटांत खलास. मी मनात जागा एवढी मोठी ठेवली होती, वीस-बावीस वर्षं, आणि तिथं येऊन बसलं ते हे. भाचा थोडा वेळ बसला, मग म्हणाला, 'मामा, याला स्किप करता येत नाही का?' आणि मोबाईल घेऊन माडीवर गेला. मी नेटानं पूर्ण बघितलं. परत दुसऱ्या दिवशी पण बघितलं, वाटलं पुढचा चांगला असेल.

अन्याय नको करायला. भारतातल्या टीव्हीवर तेव्हा आपल्या मातीतला सुपरहिरो करायचा, तोही असा की ज्याची ताकद कुंडलिनी नि पंचतत्त्वांतून येते, ही कल्पना डोकं असल्याशिवाय सुचत नाही. शेवटी येऊन पोरांना हात धुवा, खोटं बोलू नका, आणि मुख्य म्हणजे माझी नक्कल करून उड्या मारू नका असं सांगणं, हे पण आता बघताना मला भाबडं वाटलं तरी वाईट नाही वाटलं. आणि किलविशचा आवाज! तो आजही अंगावर येतो. तो म्हणजे महाभारतातले द्रोणाचार्य, सुरेंद्र पाल, हे मला लॉकडाऊनमध्येच कळलं, कारण रोज तेच दोन वेगवेगळ्या वेशांत दिसायचे.

पण मग मी जो शक्तिमान डोक्यात घेऊन फिरतो त्यातला चांगला भाग कुणाचा, हा प्रश्न उरतोच. तो दूरदर्शनचा कमी आणि त्या पारावरच्या पोराचा जास्त. लाईट गेली नसती तर त्याला सांगायला काही उरलं नसतं, आणि आम्ही पण घरी जाऊन जेवून झोपलो असतो.

आता आज्जीचं ऐका. आज्जी त्याच लॉकडाऊनमध्ये रामायण बघायला बसायची, रोज दोन्ही वेळेला, आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन. १९८७ ला पहिल्यांदा लागलं तेव्हा ती आणि गल्लीतल्या बाया टीव्हीला हार घालायच्या, त्याच्यासमोर उदबत्ती लावायच्या, तेव्हा तात्यांनी बॅटरी काही विचार न करता काढलेली. आता ऐंशीच्या पुढं गेलेली, डोळ्याला नीट दिसत नाही, ऐकायला कमी. मला ते बाण बघवेनात. एक बाण इकडून निघतो, एक तिकडून, मधे येऊन भेटतात, विचार करतात, मग फुटतात. मी हसलो. तर म्हणाली, 'हसू नको मुडद्या.' मी म्हटलं, अगं पण तुला आता पहिल्यासारखं वाटतं का? तर म्हणाली, 'मला काय श्टोरी बघायचीय व्हय? श्टोरी मला ठावं हाय. मला दर्शन घ्यायचंय.'

बरोबर होतं तिचं. श्रावणात मारुतीच्या देवळात श्रीधरस्वामींचा रामविजय लागतो, तो ती लहानपणापासून ऐकत आलेली. राम झालेला अरुण गोविल हसला की तिला पुढच्या दहा ओव्या आपोआप ऐकू येत असणार. रामानंद सागरांनी काय दाखवलं आणि काय नाही याच्यावर तिचा राम मुळात अवलंबूनच नव्हता. टीव्हीवर युद्ध सुरू व्हायचं आणि ही शेजारणीला अहिरावण-महिरावण सांगायला लागायची. सोळा एप्रिलच्या त्या एका एपिसोडला सात कोटी सत्तर लाख लोकांनी बघितलं असं दूरदर्शननं जाहीर केलं होतं. त्यातले किती जण आज्जीसारखे बघत होते आणि किती माझ्यासारखे, हे मोजायचं यंत्र कुठं आहे?

हिच्याकडूनच मला मोगली पण वेगळा मिळाला होता. जंगल बुक आमच्याकडं १९९३ मध्ये लागलं. ते जपानी आहे, १९८९ चं, निप्पॉन ॲनिमेशन नावाच्या कंपनीचं, हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर आम्ही मारलं असतं त्याला. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजची चाल, शेरखानला नाना पाटेकरचा आवाज, झाला की नाही तो आपला? पण बालाघाटात वाघ नाही, लांडगा आहे. धनगराच्या वाड्यावर येतो, मेंढरू उचलतो, त्यामुळं लांडगा म्हटलं की आमच्याकडं लेकरं गप्प झोपतात. लांडग्यानं माणसाचं पोर वाढवलं हे आज्जीला काही केल्या पटेना. 'शेळी सोडत नाही तो, अन् लेकरू सांभाळतो व्हय!' मग तिनंच तोडगा काढला, की ती लांडगी मागच्या जन्मी बाई असणार, लेकरू गेलेलं असणार तिचं. मला आज कार्टून बघताना ते लेकरू गेलेली लांडगीच दिसते. २०१६ ला डिस्नीचा मोठा पिक्चर आला, हिंदीत परत नानाच शेरखान, तेच गाणं परत नव्यानं केलं, आणि जंगल एवढं खरं की पानावरचं पाणी दिसतंय. लातूरला जाऊन बघितला. आवडला पण. पण त्यात आज्जीला काही करायला जागा नव्हती, सगळं केलेलंच होतं.

रिबूटवाल्यांशी, म्हणजे जुनं परत नव्यानं काढणाऱ्यांशी, माझं भांडण ते एवढंच आहे.

चंद्रकांता घ्या. १९९४ ते ९६, रविवार सकाळ, नीरजा गुलेरींची मालिका. मूळ कादंबरी देवकीनंदन खत्रींची, १८८८ ची. त्यातला खलनायक क्रूरसिंगच्या त्या भुवया आणि ते 'यक्कू', आमच्या शाळेत एका गुरुजींचं नावच यक्कू पडलं होतं आणि ते रिटायर होईपर्यंत टिकलं. अय्यार म्हणजे काय हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं पण आम्ही सगळे अय्यार होतो. आता यूट्यूबवर बघायला गेलो तर एकच शॉट तीन-तीनदा, एकाच वाक्यावर चार जणांचे चेहरे, दीडपट स्पीडवर लावलं तरी संपेना. त्यात एक इरफान खान तेवढा डोळ्यांनी काहीतरी वेगळंच करत असतो, बद्रीनाथ झालाय तो, बाकीच्यांना कळत पण नाही की हा काय करतोय. बरं, २०१७ मध्ये गंमत अशी झाली की एकाच वर्षात दोन चॅनेलनी दोन चंद्रकांता काढल्या, लाईफ ओकेची एक आणि कलर्सची एक. दोन्ही चकचकीत, दोन्हीकडं साप, आग, दागिने. अय्यार रूप बदलताना त्याचं हाड न हाड वितळताना दाखवायचं. आमच्या वेळी तो झाडामागं जायचा आणि दुसरा माणूस बाहेर यायचा. झाडामागं काय झालं ते आम्ही बघून घेतलं असतं ना!

२००८ मध्ये तर नाईन एक्सवर एकता कपूरचं महाभारत आलं होतं, ते मी दोन दिवस बघितलं आणि सोडलं, त्याच्यावर अजून शब्द घालवत नाही.

सीआयडीचं दुःख वेगळं आहे. ती आमची केबलवर बघितलेली, कॉलेजच्या काळातली. २१ जानेवारी १९९८ ला सुरू होऊन २०१८ ला बंद पडली आणि २१ डिसेंबर २०२४ ला परत आली, तेच शिवाजी साटम, तोच दया, तोच अभिजीत. म्हणजे रिबूट म्हणता येत नाही, माणसं तीच. फ्रेडरिक्स तेवढा नाही, दिनेश फडणीस २०२३ मध्ये गेले. पहिल्या दिवशी मी आणि रूमवरचे जुने दोघं व्हिडिओ कॉल लावून बघायला बसलो. तर सुरुवातीलाच अभिजीत आणि दयाचं वैर. अंधार, पाऊस, घाव, भूतकाळ. पुढं एप्रिल २०२५ मध्ये साटमांच्या एसीपींना बॉम्बस्फोटात मारून टाकलं, लोक हळहळले, मग काही आठवड्यांनी ते परत आले. अरे बाबांनो, आम्हाला यातलं काही नको होतं. बॉडी सापडते, साळुंखे वैतागतात, एसीपी बोटं फिरवतात, दया दार तोडतो, जेवायची वेळ होते. दार कुलपाचं आहे का नुसतं लोटलेलं, हे सुद्धा कुणी बघत नव्हतं. त्याच बी. पी. सिंग आणि साटमांनी त्याच्या आधी मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' केलं होतं, माझी ताई त्याच्यावर जीव टाकायची, ती म्हणते सीआयडी त्याच्यापुढं काहीच नाही. मी ते बघितलेलं नाही. शोधणार पण नाही. तिचं तिच्यापाशी राहू दे.

चॅनेलवाले हे का करतात ते उघड आहे. नाव ओळखीचं असलं की अर्धी जाहिरात फुकटात होते, आणि पहिल्या आठवड्याला आमच्यासारखे येतातच. दुसऱ्या आठवड्याला कोण आलं हे बघायच्या आत पुढच्या जुन्या मालिकेचं काम सुरू झालेलं असतं.

आता कुणी म्हणेल सगळंच जुनं असं फुसकं निघतं का? नाही. मालगुडी डेज बघा. लहानपणी मला ते अजिबात आवडायचं नाही, काही होतच नाही म्हणून. शंकर नागांनी ते कर्नाटकात आगुंब्याला शूट केलं, मधेमधे आर. के. लक्ष्मणची चित्रं. आता बघितलं तर थक्क व्हायला होतं की शंकर नाग किती गोष्टी सांगायच्या ठेवतो. त्यातलं पोर, स्वामी, रस्त्याच्या कडेला उभा आहे, बस. त्याला काय वाटतंय हे म्युझिक वाजवून सांगत नाही. २००६ ला त्याचे नवीन भाग आले होते, कविता लंकेशांनी केलेले, ते बिचारे कुणाच्या फार लक्षात पण नाहीत. ब्योमकेश बक्षी तसंच, रजित कपूर निम्मा वेळ नुसता ऐकत बसलेला असतो. आणि बी. आर. चोप्रांचं महाभारत, त्यात खोटे मुकुट नि रंगवलेले पडदे आहेतच, पण राही मासूम रझांची भाषा आहे आणि काळ्या पडद्यावर हरीश भिमानींच्या आवाजातला तो समय आहे. एक चाक फिरतंय आणि आवाज येतोय. एवढ्यात अख्खा काळ दाखवला. आज कुणी केलं तर समयला चेहरा देतील, वर त्याची बायको दाखवतील.

टिपरे पण टिकलंय. श्रीयुत गंगाधर टिपरे, २००१ चं, तेव्हाच्या अल्फा मराठीवर, परळीला काकांच्या घरी केबल होती म्हणून बघायला मिळालेलं. दिलीप प्रभावळकरांचे आबा रात्री डायरी लिहितात, आणि जे लिहितात त्याच्यापेक्षा जे लिहीत नाहीत ते जास्त असतं. तेव्हा मला त्या घराचं एकच नवल वाटायचं, की नळ सोडला की पाणी येतं आणि कुणी त्याच्यावर बोलत पण नाही. आता बघताना लक्ष आबांच्या खुर्चीकडं जातं, घरातले सगळे तिला वळसा घालून कसे जातात तिकडं. मुंबईच्या फ्लॅटमधलं, आमच्या बोलीत एक शब्द नाही, आणि तरी ते माझ्यासोबत मोठं झालं. आमची बोली तेव्हा टीव्हीवर असायची ती हवालदाराच्या तोंडी, लोक हसायला. तो विषय निघाला तर मग आजचं काही खरं नाही, सोडा.

यंदा दिवाळीत भाचा परत गावाकडं आला होता. आता मिसरूड फुटायला आलंय. कुठल्यातरी रीलमध्ये त्याला किलविश सापडला, अंधेरा कायम रहे वाला, आणि मला म्हणाला, हाच ना तुमचा तो व्हिलन? मी म्हटलं, हाच, यानंच नागापूरचं धरण प्यायलं होतं. आणि मग सांगितलं सगळं, गाळासकट. तो पूर्ण वेळ ऐकत बसला, २०२० मध्ये शक्तिमानला दिला नव्हता एवढा वेळ. शेवटी म्हणाला, 'कितवा एपिसोड?' आणि मोबाईलवर बोलून शोधलं, किलविश वाण धरण. आल्या त्या सगळ्या धरणाच्या बातम्या, किती टक्के भरलं, किती पाणी सोडलं, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं.

'मामा, तुम्ही खोटं सांगायलाव.'

मी म्हटलं चल, साक्षीदार दाखवतो. दुकान त्याच जागेवर आहे, आता तोच बसतो गल्ल्यावर, पोट सुटलंय, काउंटरवर क्यूआर कोड, बाजूला त्याची दोन पोरं मोबाईलमध्ये मान घालून. मी गोडेतेलाचा पुडा मागितला आणि म्हटलं, हा भाचा, याला सांग बरं, किलविशनं वाण धरण पिल्याचा एपिसोड होता का नव्हता. वाटलं हसेल. तराजूवरनं मान पण वर केली नाही.

'होता की. तुमच्या टीव्हीत आलं नसंल, लाईट गेल्ती तुमच्याकडं. आमच्या मामाच्या टीव्हीत आलतं.'

भाचा म्हणाला, पण यूट्यूबवर नाही. तर म्हणाला, यूट्यूबवर सगळं टाकतेत व्हय? आणि पुढं हे बी नाही टाकलेलं की पाणी वर आल्यावर धरणात गाळच राहिला नव्हता, मग मासे कुठं गेले, ते किलविशच्या पोटात जिवंत होते, आणि मग त्या माशांनी काय केलं...

हे मासे मला पण नवीन होते. त्याच्या पोरांनी मोबाईल खाली ठेवले. मागं एक बाई साखर मागायली होती, तिला म्हणाला थांब माय जराशीक, आणि काउंटरच्या बाहेर आला.